करंडक आणि जमाखर्च : फुटबॉल क्लब टिकतात कसे?



वर्तमानपत्रातील खेळाच्या पानावर आपण गोल, गुणतालिका आणि करंडक यांच्या बातम्या वाचतो. त्या क्लबच्या वहीत किती रुपये जमा झाले, किती खर्च झाले, खेळाडूंचे वेतन महिन्याच्या महिन्याला झाले की नाही, हे त्या पानावर क्वचितच छापून येते. परंतु तो क्लब पुढच्या वर्षी मैदानावर दिसणार की नाही, हे बहुतेक वेळा त्या वहीवरच ठरते.

बोरगाव, सौंसर, पांढुर्णा हा आपला भाग कबड्डीचा आणि क्रिकेटचा. तरीही अलीकडे आपली मुले टीव्हीवर आणि मोबाईलवर फुटबॉल आवडीने पाहतात. मेस्सी, रोनाल्डो यांची नावे पाचवीच्या मुलांनाही पाठ आहेत. नागपूर आपल्याला जवळ आहे आणि तेथे फुटबॉलची जुनी परंपरा आहे. एखादा चपळ मुलगा तेथे निवड चाचणीला जाऊ इच्छितो, तेव्हा पालक आम्हांला विचारतात, "सर, यात मुलाचे भविष्य आहे का?" या प्रश्नाचे उत्तर केवळ मुलाच्या पायातील कौशल्यावर अवलंबून नाही. तो ज्या क्लबमध्ये जाईल, तो क्लब टिकणारा आहे का, यावरही ते अवलंबून आहे. म्हणून हा विषय आम्ही या अंकात सविस्तर मांडत आहोत.

पूर्वीची पद्धत : नोकरीही आणि खेळही

एके काळी आपल्या देशात चांगल्या खेळाडूला मोठी कंपनी, बँक, रेल्वे किंवा सरकारी उपक्रम नोकरी देत असे. तो कार्यालयाच्या हजेरीपटावर असे आणि कार्यालयाच्या संघातून खेळे. संघ हरला तरी पगार थांबत नसे. खेळ संपल्यावरही नोकरी राहत असे. मुंबईत असे अनेक संघ होते. महिंद्र कंपनीचा संघ १९६२ साली सुरू झाला आणि पुढे 'महिंद्र युनायटेड' या नावाने देशभर प्रसिद्ध झाला.

१९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. २००७ मध्ये तिच्या जागी आय-लीग आली. हळूहळू खेळाडू कर्मचारी न राहता कराराने बांधलेला व्यावसायिक खेळाडू झाला. क्लब ही स्वतंत्र संस्था असावी, तिचे हिशेब वेगळे असावेत, तिचा युवा संघ असावा, अशा परवान्याच्या अटी आल्या. या अटी पूर्ण न झाल्यामुळे २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी हे संघ आय-लीगच्या बाहेर झाले.

अटी वाईट नव्हत्या. परंतु नवीन पद्धतीत एक गोष्ट बदलली. पूर्वी खेळाडूचा पगार कंपनीच्या एकूण व्यवसायातून निघत होता. आता तो क्लबच्या आमदनीतून निघायला पाहिजे, असे गृहीत धरले गेले. प्रश्न असा, की क्लबची आमदनी आहे तरी किती?

आमदनीचे पाच झरे

जगातील कोणत्याही व्यावसायिक फुटबॉल क्लबकडे पैसा येण्याचे मुख्यतः पाच मार्ग असतात. पहिला, सामन्याची तिकिटे. दुसरा, दूरदर्शन वाहिन्या व इंटरनेटवरील प्रक्षेपणाच्या हक्कांचा वाटा. तिसरा, प्रायोजक, म्हणजे ज्यांचे नाव खेळाडूंच्या सदऱ्यावर असते ते. चौथा, आपण तयार केलेला खेळाडू दुसऱ्या क्लबने घेतल्यास मिळणारी रक्कम. पाचवा, स्पर्धेतील बक्षिसे.

हे पाच झरे आटले, तर उरते ती मालकाची तिजोरी. भारतातील बहुतेक क्लब या शेवटच्या तिजोरीवरच चालत आले. तिकिटे स्वस्त, प्रक्षेपणाचा पैसा तुटपुंजा, प्रायोजकांचा ओढा क्रिकेटकडे. म्हणून मालकाने दर वर्षी खिशातून भर घालायची आणि संघ चालवायचा. जोपर्यंत मालकाची हौस आणि धंदा दोन्ही नीट आहेत, तोपर्यंत सर्व काही छान दिसते.

महिंद्र युनायटेडचेच उदाहरण घ्या. २००५-०६ मध्ये हा संघ राष्ट्रीय लीगचा विजेता झाला. २००३ आणि २००५ मध्ये त्याने फेडरेशन कपही जिंकला होता. तरीही २०१० साली कंपनीने मोठा संघ बंद करण्याचा निर्णय घेतला आणि शालेय मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देण्याचे ठरविले. कंपनी बुडाली नव्हती आणि संघही दुबळा नव्हता. तरी संघ बंद झाला, कारण त्याचे जगणे एकाच निर्णयावर अवलंबून होते.

पुण्याची गोष्ट

याहून बोलके उदाहरण पुण्याचे आहे. पुणे हे मोठे शहर, शिक्षणाचे माहेरघर, उद्योगही भरपूर. तेथे २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी हा क्लब काढला. तो चांगला चालला. २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये तिसरा आणि २०१२-१३ मध्ये दुसरा आला. त्याने लहान मुलांसाठी प्रबोधिनीही उभी केली. २०१५ मध्ये मालकांनी हात काढून घेतला आणि मोठा संघ बंद झाला.

त्याच काळात कल्याणी समूहाचा भारत एफसी हा संघ २०१४-१५ मध्ये आय-लीगमध्ये उतरला. एकच हंगाम खेळला, शेवटच्या क्रमांकावर राहिला आणि बंद झाला. शहरातील जुना शिवाजीयन्स संघ डीएसके समूहाच्या मदतीने २०१५-१६ मध्ये आय-लीगमध्ये आला आणि २०१७ मध्ये तेथून बाहेर पडला.

चौथा क्लब एफसी पुणे सिटी. तो २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमधील होता. या लीगमध्ये मालक ठराविक शुल्क भरून शहराचा संघ चालविण्याचा हक्क घेत असे. शेवटचा क्रमांक आला तरी संघाला खालच्या श्रेणीत ढकलले जात नसे. गुंतवणूक करणाऱ्याला धीर यावा, हा त्यामागील हेतू. एफसी पुणे सिटीने २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरी गाठली. दुसऱ्याच वर्षी, २०१९ मध्ये, आर्थिक अडचणींमुळे हा क्लबही संपला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादला गेली.

म्हणजे साधारण बारा वर्षांत एका शहरात चार क्लब वरच्या पातळीवर खेळले आणि चारही तेथून गेले. पुण्यात खेळाडू नव्हते किंवा प्रेक्षक नव्हते, असे म्हणता येणार नाही. परंतु प्रत्येक वेळी नवे नाव, नवा रंग, नवा सदरा. आज ज्या संघाचा जयजयकार करायचा, तो तीन वर्षांनी असेल की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, तो प्रेक्षक आपल्या मुलाला त्या संघाचे वेड कशाला लावील? क्लबवरील प्रेम हे पिढ्यांच्या सहवासाने वाढते. बापाने मुलाला बोट धरून मैदानावर न्यावे आणि त्या मुलाने पुढे आपल्या मुलाला न्यावे, तेव्हा कुठे तिकिटाचा झरा वाहू लागतो.

विजेतेपद म्हणजे कवच नव्हे

पुण्याची जागा घेऊन आलेल्या हैदराबाद एफसीने तीन वर्षांत कमाल केली. २० मार्च २०२२ रोजी गोव्यातील फातोर्डा मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून तो इंडियन सुपर लीगचा विजेता ठरला. पुढच्या हंगामात गुणतालिकेत दुसरा आला. आणि त्याच्या पुढच्या, म्हणजे २०२३-२४ च्या हंगामात काय झाले? खेळाडूंचे वेतन थकले. एकेक करून नामवंत खेळाडू निघून गेले. २२ सामन्यांपैकी संघाने फक्त एक जिंकला आणि तो तळाला गेला. २०२४ मध्ये मालक बदलले आणि २०२५ मध्ये हाच संघ दिल्लीला गेला, नावही बदलले. पुणे, हैदराबाद, दिल्ली. लीगमधील एक जागा, तीन शहरे आणि दोन शहरांचे हिरमुसलेले प्रेक्षक.

मुंबई सिटी एफसीची कथा थोडी वेगळी आहे. २०१९ मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या समूहाने या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. पैसा आला, उत्तम प्रशिक्षक आले. २०२०-२१ मध्ये क्लबने गुणतालिकेतील अव्वल क्रमांकाची ढाल आणि लीगचा चषक दोन्ही जिंकले. २०२२-२३ मध्ये पुन्हा ढाल आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा चषक. मैदानावर यापेक्षा अधिक काय मागावे? तरीही डिसेंबर २०२५ मध्ये या समूहाने आपला हिस्सा सोडला. लीगच्या आर्थिक भवितव्याबद्दलची अनिश्चितता हे त्याचे कारण होते.

ही अनिश्चितता कोठून आली, तेही समजून घ्यावे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये आपले व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना एका कंपनीला दिले होते. त्या कराराची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपत होती आणि पुढचा करार वेळेवर झाला नाही. त्यामुळे जुलै २०२५ मध्ये नवा हंगाम थांबविला गेला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे वेतनही रोखले. अखेरीस १४ फेब्रुवारी २०२६ रोजी लहान स्वरूपात हंगाम सुरू झाला. करंडकांनी कपाट भरले होते, पण पुढच्या महिन्याच्या वेतनाची खात्री नव्हती.

खर्च केल्याशिवाय जिंकता येते का?

येथे कोणी म्हणेल, "मग क्लबने पैसाच खर्च करू नये का? चांगला खेळाडू स्वस्तात मिळतो का?" हा प्रश्न रास्त आहे. जगभरचा अनुभव असा, की जो क्लब वेतनावर अधिक खर्च करतो, तो साधारणपणे गुणतालिकेत वर असतो. आणि जिंकणाऱ्या संघाकडेच प्रेक्षक व प्रायोजक वळतात. म्हणून खर्च हा गुन्हा नव्हे.

अडचण वेगळीच आहे. लीगमध्ये चौदा संघ असतील तर चौदाही संघ जिंकण्यासाठी खर्च वाढवितात, परंतु पहिला क्रमांक एकच असतो. शेजाऱ्याने एक परदेशी खेळाडू आणला, की आपण दोन आणतो. तेरा संघांच्या खर्चाचे चीज होणार नाही, हे हंगाम सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते. जो क्लब 'आपण जिंकूच' असे धरून उद्याच्या बक्षिसाच्या भरवशावर आज खर्च करतो, तो जुगार खेळत असतो.

एक सोपा हिशेब करू. समजा एका क्लबची वर्षाची आमदनी १०० रुपये आहे. त्याने ७० रुपये खेळाडूंवर खर्च केले, तर मैदान, प्रवास, डॉक्टर, कार्यालय आणि लहान मुलांचा संघ यांसाठी ३० रुपये उरतात. वही जुळते. आता त्याने खेळाडूंवर ११० रुपये खर्च केले, तर बाकीचे ३० धरून खर्च १४० होतो. तूट ४० रुपये. अशी तीन वर्षे गेली, की १२० रुपयांचा बोजा होतो, म्हणजे पूर्ण एका वर्षाच्या आमदनीपेक्षाही जास्त. मग मालकाने हात आखडता घेतला, की क्लब एका दिवसात कोसळतो.

आपल्या भागातील शेतकऱ्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. संत्र्याच्या झाडाला ताण देऊन बहार घेतात. पण आंबिया आणि मृग असे दोन्ही बहार हावेने एकाच झाडावरून लागोपाठ घेत गेले, तर दोन-तीन वर्षे वखारीत माल दिसतो आणि मग झाड खंगत जाते. बहार किती घ्यायचा, हे झाडाची ताकद पाहून ठरवावे लागते.

परदेशातील अनुभव

इंग्लंडमधील लीड्स युनायटेड या क्लबने पुढच्या अनेक वर्षांच्या तिकीटविक्रीच्या तारणावर सहा कोटी पौंडांचे कर्ज काढले आणि महागडे खेळाडू घेतले. फळ झाडावर दिसण्याच्या आधीच पुढचे वीस-पंचवीस बहार गहाण टाकावेत, तसाच हा प्रकार. २००१ मध्ये संघ युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. परंतु हप्ते फेडण्यासाठी दर वर्षी त्याच उंचीवर राहणे आवश्यक होते, आणि ते जमले नाही. खेळाडू विकावे लागले. २००४ मध्ये संघ वरच्या श्रेणीतून घसरला आणि २००७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत पोहोचला.

जर्मनीतील बोरुसिया डॉर्टमुंडची गोष्ट मात्र आशा देणारी आहे. हा क्लब १९९७ मध्ये युरोपचा आणि २००२ मध्ये जर्मनीचा विजेता होता. अवाजवी खर्चामुळे २००५ मध्ये तो दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभा राहिला. एका वेळी तर त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी बायर्न म्युनिक याने २० लाख युरो उसने दिले. खेळाडूंनी वेतनात कपात मान्य केली. क्लबने महागडी नावे सोडून तरुण मुलांवर भर दिला. २००८ मध्ये युर्गेन क्लॉप प्रशिक्षक झाले. २०११ आणि २०१२ मध्ये याच तरुण संघाने जर्मनीचे विजेतेपद मिळविले आणि २०१३ मध्ये तो युरोपच्या अंतिम सामन्यात खेळला. काटकसर म्हणजे पराभव नव्हे, हे या क्लबने दाखवून दिले.

डॉर्टमुंडला आणखी एका गोष्टीने आधार दिला. जर्मनीत साधारण नियम असा आहे, की क्लबच्या निर्णयात अर्ध्याहून अधिक मते सभासदांची असावीत. डॉर्टमुंडच्या मैदानात एका बाजूला उभे राहून सामना पाहण्याची सुमारे २५ हजारांची जागा आहे. वाईट दिवसांतही हे लोक क्लबला सोडून गेले नाहीत.

इंग्लंडच्या पोर्टस्मथ क्लबचे असेच झाले. २००८ मध्ये त्याने एफए कप जिंकला आणि २०१० मध्ये कर्जाच्या डोंगरामुळे तो प्रशासकाच्या हाती गेला. घसरत घसरत तो चौथ्या श्रेणीत आला. २०१३ मध्ये चाहत्यांनी एकत्र येऊन, हजार-हजार पौंडांचे भाग घेऊन क्लब विकत घेतला आणि वाचविला. श्रीमंत मालकांना जे जमले नाही, ते लोकवर्गणीने झाले.

या अनुभवांवरून युरोपीय फुटबॉल संघटनेने नियम केले. आमदनीपेक्षा जास्त खर्च करण्यावर २०११ पासून बंधने येऊ लागली. २०२२ मध्ये नवा नियम झाला, की खेळाडू व प्रशिक्षकांचे वेतन, खेळाडूंची खरेदी आणि मध्यस्थांचा मोबदला मिळून क्लबने आपल्या आमदनीच्या ठराविक टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू नये. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरवीत २०२५-२६ मध्ये ७० टक्क्यांवर आणली गेली. वरच्या उदाहरणात आम्ही ७० रुपये घेतले, ते याच कारणाने.

गोव्याने काय केले?

गोवा हे देशातील लहान राज्य. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम साडेचौदा लाख. परंतु फुटबॉल तेथील गावागावांत आहे. तेथील डेम्पो स्पोर्ट्स क्लबने २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये राष्ट्रीय लीग आणि २००७-०८, २००९-१० व २०११-१२ मध्ये आय-लीग जिंकली. म्हणजे आठ हंगामांत पाच राष्ट्रीय विजेतेपदे. त्यानंतर वाईट दिवस आले. २०१५ मध्ये संघ खालच्या श्रेणीत गेला. पुढच्या वर्षी तेथे पहिला येऊन त्याने परत येण्याचा हक्क मिळविला. पण २०१६ मध्ये महासंघाने लीगची नवी रचना सुचविली, तीत आय-लीगला दुय्यम स्थान मिळणार होते. डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली.

माघार घेणे आणि बंद होणे यांत फरक आहे. डेम्पोने देशभर फिरणारा महागडा संघ ठेवण्याचा खर्च थांबविला, परंतु गोव्याच्या लीगमध्ये खेळणे आणि तरुण मुले तयार करणे सोडले नाही. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण घरात नेहमी ऐकतो. या क्लबने तिचे पालन केले. आठ वर्षांनी, २०२४ मध्ये, डेम्पो खालच्या श्रेणीतून खेळून पुन्हा आय-लीगमध्ये आला. नाव तेच, क्लब तोच. पुण्याच्या चार क्लबांशी याची तुलना करून पाहावी.

तरुण मुले तयार करणे ही केवळ समाजसेवा नाही, त्यात क्लबचा हिशेबही आहे. घरचा खेळाडू स्वस्त पडतो आणि गावाला आपला वाटतो. शिवाय जागतिक फुटबॉल संघटनेचा नियम असा आहे, की करार चालू असताना खेळाडू एका देशातील क्लबमधून दुसऱ्या देशातील क्लबमध्ये मोबदला देऊन घेतला गेला, तर त्या रकमेचे पाच टक्के, त्याला १२ ते २३ या वयात ज्या क्लबांनी शिकविले, त्यांच्यात वाटले जातात. १ कोटीच्या व्यवहारात ५ लाख रुपये. लहान क्लबचे कित्येक महिन्यांचे चेंडू, बूट आणि प्रशिक्षकाचे मानधन त्यातून निघू शकते.

पालकांसाठी चार प्रश्न

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. मुलाला क्लबच्या प्रबोधिनीत पाठवायचे असेल, तर त्या क्लबने मागील वर्षी कोणता करंडक जिंकला, हे शेवटी विचारावे. त्याआधी पुढील गोष्टी विचाराव्यात.

पहिली, क्लब किती वर्षे एकाच नावाने, एकाच ठिकाणी चालू आहे? दुसरी, मोठ्या खेळाडूंचे व प्रशिक्षकांचे वेतन वेळेवर होते का? ज्येष्ठ खेळाडूंच्या घरी चौकशी केली, तर हे लगेच कळते. तिसरी, मागील तीन-चार वर्षांत प्रबोधिनीतील किती मुले मोठ्या संघात आली? चौथी, क्लब उद्या बंद झाला, तर मुलाच्या शाळेचे काय? शाळा सोडवून मुलाला नेणारा क्लब कितीही मोठा असला, तरी आम्ही पालकांना 'थांबा' असेच सांगू. ज्या खेळाडूचे वेतन थकते, त्याच्या हाती दहावी-बारावीचे प्रमाणपत्र तरी असले पाहिजे.

विश्वस्त आणि गावकरी मंडळींसाठी

हा विषय मुंबई-गोव्यापुरता नाही. आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे कबड्डीचे सामने होतात. मोहल्ल्या-मोहल्ल्यातून चंदा जमतो. मग कधी कधी पहिले बक्षीस मिळावे म्हणून बाहेरगावचे दोन-तीन नामांकित खेळाडू मानधन देऊन आणले जातात. संघ जिंकतो, मिरवणूक निघते. दुसऱ्या दिवशी ते खेळाडू आपल्या गावी निघून जातात आणि आपल्या मुलांनी बाकावर बसून सामना पाहिलेला असतो. पुढच्या वर्षी मोठा चंदा देणारी व्यक्ती नाही म्हणाली, की संघच उभा राहत नाही. पुण्यात कोट्यवधी रुपयांनी जे घडले, तेच येथे हजारांमध्ये घडते.

शाळेच्या क्रीडा निधीलाही हाच नियम लागू आहे. निधी थोडा असतो. तो कोठे खर्च करावा, याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. आधी मैदान, मग चेंडू व जाळी, मग शिकविणारा माणूस, आणि यातून काही उरले तर गणवेष व प्रवास. एका मोठ्या देणगीदाराने एकदाच दिलेल्या रकमेचे आम्ही स्वागतच करू, परंतु ती मैदानाच्या कामाला लावावी, दर वर्षीच्या खर्चाला लावू नये. दर वर्षीचा खर्च अनेक पालकांच्या लहान लहान वर्गणीतून निघाला, तर एकाने हात काढल्याने मुलांचा खेळ थांबणार नाही. आणि या निधीचा जमाखर्च वर्षातून एकदा सर्वांसमोर वाचला जावा, म्हणजे देणाऱ्याचाही विश्वास टिकतो.

कमी पैशांत खेळ उभा राहतो, याचे उदाहरण नागपुरातच आहे. तेथील क्रीडाशिक्षक श्री. विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यांच्या कार्यावर २०२२ मध्ये 'झुंड' हा चित्रपट निघाला आणि तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तेथे आरंभी नव्हते महागडे खेळाडू, नव्हते झगमगीत मैदान. एक चेंडू होता आणि रोज येऊन उभा राहणारा शिक्षक होता.

विद्यार्थ्यांसाठी गृहकार्य

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी या अंकासोबत एक काम करावे. आपल्या गावातील कोणत्याही एका कबड्डी, क्रिकेट किंवा फुटबॉल मंडळाचा एका वर्षाचा जमाखर्च, मंडळाच्या परवानगीने, एका पानावर लिहावा. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. जमेतील सर्वांत मोठी रक्कम देणाऱ्याने पुढच्या वर्षी दिली नाही, असे समजून ती रक्कम खोडावी आणि पुन्हा बेरीज करावी. मग खर्चातील कोणत्या गोष्टी ठेवता येतील आणि कोणत्या सोडाव्या लागतील, ते खाली पाच ओळींत लिहावे. मंडळाचे किंवा देणगीदाराचे नाव लिहिण्याची गरज नाही.

ही पाने गणिताच्या शिक्षकांकडे द्यावीत. वर्गात त्यांवर चर्चा होईल आणि पालकसभेतही त्यांपैकी काही आम्ही वाचून दाखवू.